जुने ते सोने. पण सोनाराचे काय?

‘विकणे आहे’ हे दोन शब्द आपल्या सर्वांच्या ओळखीचे. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींत त्यांच्याखाली धानाची शेती असते, दुभती म्हैस असते, शिलाईचे यंत्र असते. क्वचित एखादे चालते दुकानही असते. त्या गर्दीत कधीतरी एखादी अशी जाहिरात येते की वाचणाऱ्याने हातातला चहाचा कप खाली ठेवावा. इंग्लंडमध्ये बनलेली, दोनच माणसे बसतील एवढी, उघड्या टपाची जुनी स्पोर्ट्स कार विकणे आहे. मूळ इंजिन, मूळ चॅसी, मूळ रंग, कागदपत्रे पूर्ण. केवळ जाणकारांनीच चौकशी करावी! किंमत सहसा छापलेली नसते. हुंड्याचा आकडा जसा बैठकीत ठरतो, तसा तोही बैठकीतच ठरायचा असतो.

या ‘जाणकार’ शब्दाला माझा आक्षेप आहे, आणि त्या आक्षेपापायीच हा लेख लिहिला आहे. जुनी मोटार विकताना आणि घेताना आपण पूर्वीच्या मालकांची नावे विचारतो, सालाचा हिशेब करतो, इंजिनाचा क्रमांक ताडून पाहतो. पण ज्याच्या हातांमुळे ती मोटार सत्तर-पंचाहत्तर वर्षे धावती राहिली, त्या मिस्त्रीचे नाव कोणी विचारीत नाही. वस्तू जुनी झाली की तिला ‘वारसा’ म्हणायचे, आणि ती जुनी होईपर्यंत जिवंत ठेवणाऱ्या माणसाला मात्र विसरायचे, ही आपली रीत होऊन बसली आहे. ही रीत चुकीची आहे, आणि कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी तरी ती पुढे चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भंडाऱ्यात बसून इंग्रजी मोटारींवर लिहिण्याचे कारण काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. ती रास्त आहे. मे महिन्यात आपल्याकडे जे ऊन तापते त्यात उघड्या टपाच्या गाडीत बसणे म्हणजे कढईत बसणे. पुढे रोवणीच्या दिवसांत पाऊस कोसळतो, तेव्हा त्याच गाडीचा तलाव होईल. वर्षातले थंडीचे दोन-अडीच महिने तेवढे या वाहनाच्या वाट्याला येतात. पण गंमत अशी की, या मोटारींचा आणि आपल्या जिल्ह्याचा एक धागा जुळलेला आहे. तो कसा, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे विल्यम मॉरिस नावाच्या कारखानदाराचे ‘मॉरिस गॅरेजेस’ हे विक्री-दुरुस्तीचे दुकान होते. १९२० नंतरच्या काळात तिथला व्यवस्थापक सेसिल किंबर याने साध्या मॉरिस मोटारींवर हलक्या, चपळ बॉडी चढवून विकायला सुरुवात केली. दुकानाच्या आद्याक्षरांवरून त्या गाड्यांना एम. जी. हे नाव पडले. म्हणजे जगप्रसिद्ध एम. जी. चा जन्म मोठ्या संशोधनशाळेत झाला नाही; तो एका गॅरेजात झाला, आणि नावातही ते गॅरेज राहिले. १९२९ मध्ये तिचा कारखाना ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन या लहानशा गावी गेला.

दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपले आणि त्याच वर्षी अ‍ॅबिंग्डनमधून ‘टी. सी.’ नावाची गाडी बाहेर पडली. १२५० सी. सी. चे चार सिलिंडरांचे इंजिन, चोपन्न अश्वशक्ती, तारांची उंच चाके, मागे उघड्यावर बसवलेली पेट्रोलची चौकोनी टाकी, पुढे आडवी पाडता येणारी काच. तिची एक मौज सांगण्यासारखी आहे. इंजिनाचे फेरे दाखवणारी तबकडी चालकापुढे होती, आणि वेग दाखवणारी तबकडी शेजारच्या सोबत्यापुढे! आपण किती वेगाने चाललो आहोत हे चालकाआधी सोबत्याला कळावे आणि त्याने घाबरून ओरडावे, अशीच जणू योजना. १९४९ पर्यंत अशा दहा हजार गाड्या बनल्या. युद्धाने इंग्लंड कर्जबाजारी झाले होते. परकीय चलन मिळवून देणाऱ्या मालालाच पोलाद आधी मिळत असे. त्यामुळे या खेळण्यासारख्या दिसणाऱ्या गाड्या जहाजांतून परदेशी रवाना झाल्या. पुढची ‘टी. डी.’ तर जवळजवळ तीस हजार बनली आणि त्यातली बहुसंख्य अमेरिकेत गेली. १९६२ ते १९८० या काळात निघालेली ‘एम. जी. बी.’ सर्व प्रकार धरून पाच लाखांवर बनली.

आता आपल्या जिल्ह्याचा धागा. लँकेशायरमधल्या लेलँड या गावी मालमोटारी आणि बस बनवणारी लेलँड कंपनी होती. तिने १९६१ मध्ये ट्रायम्फ मोटारींची कंपनी ताब्यात घेतली. १९६८ मध्ये एम. जी., ऑस्टिन, जग्वार यांचा गटही तिच्यात मिसळला आणि ‘ब्रिटिश लेलँड’ हे अवाढव्य खटले उभे राहिले. इंग्लंडमधल्या बहुतेक नामांकित उघड्या मोटारी एकाच छपराखाली आल्या. खटला मोठा झाला, पण संसार सुखाचा झाला नाही. १९७५ मध्ये सरकारला तो ताब्यात घ्यावा लागला. सप्टेंबर १९७९ मध्ये अ‍ॅबिंग्डनच्या लोकांनी आपल्या कारखान्याचा सुवर्णमहोत्सव मिरवणूक काढून साजरा केला, आणि त्याच महिन्यात तो कारखाना बंद करण्याचा कंपनीचा निर्णय त्यांच्या कानावर आला. ऑक्टोबर १९८० मध्ये त्याला टाळे लागले.

याच लेलँडचा आपल्याकडचा भागीदार म्हणजे अशोक लेलँड. १९४८ मध्ये मद्रासजवळ एण्णोर येथे ऑस्टिन मोटारी जोडण्यासाठी ‘अशोक मोटर्स’ निघाली. १९५५ मध्ये लेलँडचे भांडवल आले आणि नाव बदलून ‘अशोक लेलँड’ झाले. या कंपनीने १९८२ मध्ये भंडारा-साकोली मार्गावर गडेगावला कारखाना काढला. त्यात गिअरबॉक्स बनतात. त्या वेळी अशोक लेलँडमध्ये ब्रिटिश लेलँडचा मोठा वाटा होता. तो १९८७ मध्ये हिंदुजा समूहाच्या बाजूने गेला. म्हणजे ज्या घराने अ‍ॅबिंग्डनमध्ये चूल विझवली, त्याच घराण्यातली एक चूल दोन वर्षांनी आपल्या गडेगावात पेटली. तिकडे ब्रिटिश लेलँड हे नाव पुसले गेले. इकडे महामार्गावरून जाणाऱ्या मालमोटारींच्या कपाळावर ‘लेलँड’ हा शब्द आजही आहे.

नावांचे हे स्थलांतर पाहिले की मन विचारात पडते. जग्वार २००८ पासून टाटांकडे आहे. एम. जी. हे नाव इंग्लंडमधली कंपनी बुडाल्यावर २००५ मध्ये चिनी कारखानदारांकडे गेले आणि २०१९ पासून गुजरातेतील हालोल येथे बनणाऱ्या गाड्यांवर झळकू लागले. ते नाव लावलेली उंच, बंद टपाची मोटार आज नागपूरच्या कोणत्याही चौकात दिसते. किंबरच्या दोन आसनी गाडीचे तिच्यात काय उतरले आहे? अष्टकोनी बिल्ला! नाव विकता येते, बिल्ला विकता येतो, कारखाना विकता येतो. अ‍ॅबिंग्डनच्या कामगारांच्या बोटांत जे होते ते मात्र कोणत्याही खरेदीखतात लिहिता आले नाही. कारखाना बंद झाला त्या दिवशी ते घरोघर पांगले.

आपल्या देशात तर अशा गाड्या मुळातच थोड्या आल्या. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली की, ज्यांना भारतात टप्प्याटप्प्याने मोटार बनवायची आहे त्यांनाच परवानगी द्यावी. नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्या परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला आणि मोटारींची आयात जवळजवळ थांबली. जी काही परदेशी वाहने पुढे आली ती बहुधा वकिलातींच्या मंडळींबरोबर. सर्वसामान्यांच्या नशिबी ठरावीक तीन-चार नमुने राहिले. त्यांपैकी ‘स्टँडर्ड हेरल्ड’ १९६१ पासून मद्रासला बनू लागली. ती मूळची ट्रायम्फ हेरल्ड. आणि हिचीच चॅसी आखूड करून इंग्लंडमध्ये १९६२ साली ‘स्पिटफायर’ ही उघडी स्पोर्ट्स कार काढली गेली. एका आईच्या दोन मुली : एक मद्रासला नांदली आणि शाळामास्तर, डॉक्टर, वकील यांना कामावर पोहोचवीत झिजली, दुसरी परदेशी समुद्रकिनाऱ्यांवर मिरवली. आज जाहिरात येते ती दुसरीची. पहिलीला बहुतेकांनी मोडीत घातले.

सांगायचा मुद्दा असा की, नव्या गाड्या नाहीत आणि सुटे भागही नाहीत, अशा स्थितीत जी इंग्रजी गाडी भारतात तग धरून राहिली, ती केवळ दुरुस्तीच्या बळावर राहिली. इंग्लंडमध्ये एखादा भाग खराब झाला तर टपालाने दुसरा मागवता येतो. आपल्याकडे चाळीस वर्षे तो लेथवर बनवावाच लागला.

गेल्या हिवाळ्यात एका मित्रासोबत नागपूरला अशी एक गाडी पाहण्याचा योग आला. विकत घेण्याची आमची ऐपत नव्हती, हे आमच्या चपलांवरूनच कळत होते. परंतु मालक सज्जन होते, त्यांनी बसायला सांगितले आणि उत्साहाने माहिती दिली. टी. सी., १९४८ ची. पहिला मालक कोण, दुसऱ्याने ती कोणाकडून किती रुपयांना घेतली, ती त्यांच्या वडिलांकडे कशी आली, हे सर्व त्यांना पाठ होते. चॅसीचा क्रमांक तर त्यांनी कागद न पाहता सांगितला. मी विचारले, “काका, इतकी वर्षं गाडीचं काम कोण करायचं?”

“होता एक मिस्त्री. बर्डीकडे गॅरेज होतं त्याचं. त्याच्याशिवाय हिला कोणी हात लावायचा नाही. आवाज ऐकूनच सांगायचा काय बिघडलं ते. गेला आता, बरीच वर्षं झाली.”

“नाव काय त्यांचं?”

काका थोडे थांबले. मग हसून म्हणाले, “नाव... आम्ही सगळे उस्तादच म्हणायचो रे.”

त्यांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. त्यांच्या बोलण्यात उस्तादांविषयी खरा आदर होता. पण आठ-दहा आकडे लक्षात राहिले आणि ज्याने पस्तीस वर्षे गाडी सांभाळली त्याचे नाव राहिले नाही, ही गोष्ट मला तेव्हापासून टोचते आहे. हे एकट्या त्यांचे नाही. आपल्या सर्वांच्या स्मरणाची घडणच अशी आहे.

त्या उस्तादांना काय काय यावे लागत असेल, याची थोडी कल्पना द्यावी असे वाटते, कारण आपण पुस्तके वाचणारी मंडळी या ज्ञानाला ज्ञान मानायला सहजासहजी तयार होत नाही. टी. सी. च्या इंजिनाचे बोल्ट पाहा. त्यांची डोकी इंग्रजी व्हिटवर्थ मापाची, आटे मात्र मेट्रिक. कारण मॉरिसने १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीतला एका फ्रेंच कंपनीचा इंजिन-कारखाना विकत घेतला होता. तिथली यंत्रे मेट्रिक आटे पाडीत, आणि पाने मात्र इंग्रज गिऱ्हाइकाकडे व्हिटवर्थचेच असत. ज्याला हे ठाऊक नाही तो इंग्रजी नट दामटून बसवतो आणि आटे खाऊन टाकतो. इंजिनाला दोन कार्ब्युरेटर असतात. ते दोन्ही सारखीच हवा ओढताहेत की नाही हे जुने मिस्त्री रबरी नळीचे एक टोक कानाला लावून, तिच्या फुसफुसण्यावरून ठरवतात. तंबोऱ्याच्या तारा जुळवण्यापेक्षा हे फार निराळे आहे काय? गाडीचे पत्रे एका लाकडी चौकटीवर ठोकलेले असतात. ते लाकूड इंग्लंडमधल्या अ‍ॅश नावाच्या झाडाचे. आपल्या पावसात ते कुजले तर मिस्त्रीला सुताराकडे जावे लागणार, आणि सुताराच्या हाताशी असणार ते सागवान. टप शिवायला ताडपत्री शिवणारा कारागीर लागतो. बुश बनवायला टर्नर लागतो. पत्रा सरळ करायला डेंटर लागतो. म्हणजे एक मोटार जिवंत ठेवायला बलुतेदारांचे अर्धे गाव राबते. आणि जाहिरातीत ‘जाणकार’ ठरतो तो चेक लिहिणारा!

आता कायद्याकडे पाहू. १५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम प्रसिद्ध केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक झालेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंद मिळते, ‘व्ही ए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क, मुदत दहा वर्षे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. ती विकता येते, मात्र विकणाऱ्याने व घेणाऱ्याने नव्वद दिवसांत परिवहन अधिकाऱ्यांना कळवायचे असते. हे सारे चांगलेच झाले. त्याआधी जुन्या गाड्यांचे भवितव्य टांगणीला लागले होते. पण त्याच नियमांत एक अट आहे : गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे, चॅसीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा.

अट घालण्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. जुन्या नावाखाली कोणी नवीच गाडी खपवू नये. पण ‘मूळ स्वरूप’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गात चर्चेला घ्यावा इतका अवघड आहे. कुजलेल्या अ‍ॅशच्या जागी सागवानी चौकट घातली, तर गाडी मूळची राहिली की नाही? अट ज्या इंग्लंडला शोभावी तिथे काय घडले पाहा : १९८८ पासून तिथे एम. जी. बी. चे अखंड नवे सांगाडे जुन्याच साच्यांवर पुन्हा बनवले जाऊ लागले, आणि गंजलेल्या गाड्यांचे अवयव त्यांत बसवून त्या नव्याने रस्त्यावर आणल्या गेल्या. त्यात कोणाला विटाळ वाटला नाही. आपल्याकडच्या गाडीत मात्र जे जे भारतीय हातांनी बनवले ते ते ‘मूळ नव्हे’ म्हणून उणे धरायचे, ही विक्रीच्या बाजाराची रीत. लेथवर घडवलेला बुश हा दोष, आणि परदेशातून मागवलेला बुश हा गुण! माझे म्हणणे उलट आहे. पंचाहत्तर वर्षांच्या आयुष्यात ती गाडी अ‍ॅबिंग्डनला फार तर काही आठवडे होती. उरलेले सारे आयुष्य तिने आपल्या धुळीत, आपल्या उन्हात, आपल्या मिस्त्रींच्या हाताखाली काढले. तिच्यातला सागवानी तुकडा हा तिच्या चरित्रातला उणेपणा नसून त्या चरित्राचा मुख्य अध्याय आहे.

ही गोष्ट भंडारा जिल्ह्याच्या माणसाला पटवून द्यायला जड जाऊ नये. आपला जिल्हा तलावांचा. सरकारी कागदांत त्या जुन्या तलावांचे नाव आहे ‘माजी मालगुजारी तलाव’, आणि बोलीत त्याचे झाले ‘मामा तलाव’. नावात मालगुजारी आहे, म्हणजे मालकी आहे. तलाव बांधण्यात ज्यांचा हातखंडा होता त्या कोहळी समाजाची त्या नावात खूणही नाही. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, मालकी कागदोपत्री नीट बदलली. पण दरसाल गाळ काढायचा कोणी, पाळ बांधायची कोणी, पाणी वाटायचे कोणी, ही जी जुनी घडी होती ती त्या कागदांबरोबर हातात आली नाही. पुष्कळ तलाव गाळाने उथळ झाले. खरेदी-विक्रीत मालकी एका क्षणात बदलते; सांभाळण्याची विद्या तशी हस्तांतरित होत नाही. तलावाचे जे झाले तेच मोटारीचे होते. टी. सी. नागपुरातून मुंबईला जाईल, नवा मालक तिला काचेसारखी चमकवील. परंतु बर्डीचे उस्ताद तिच्याबरोबर जाणार नाहीत, आणि दोन वर्षांनी ती एखाद्या हॉटेलच्या दिवाणखान्यात शोभेची वस्तू होऊन बसेल.

आपल्या शहरात पितळी भांड्यांचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. पितळेच्या भांड्याचे दोन भाव असतात : एक भांड्याचा आणि एक मोडीचा. मोडीचा भाव नुसत्या धातूचा. घडणावळ त्यात धरत नाहीत. मला वाटते, जुन्या मोटारीच्या बाजारात भल्यामोठ्या रकमा मोजूनसुद्धा आपण तिला मोडीचाच भाव देत असतो. बिल्ल्याचे पैसे देतो, सालाचे देतो, राजेरजवाड्यांच्या नावाचे देतो. घडणावळ सोडून देतो.

यावर दोन आक्षेप येतील, त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला असा की, या श्रीमंतांच्या खेळण्यांची आपल्याला काय पडली आहे? त्यातून ती साहेबाच्या देशाची! याला माझे उत्तर असे की, मला श्रीमंतांच्या खेळण्याची चिंता नाही. ते खेळणे चालते ठेवणाऱ्या गरीब माणसाची आहे. दिल्लीत ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राने १९६४ पासून जुन्या मोटारींची मिरवणूक भरवली, तिचे अनुकरण अनेक शहरांत झाले. या मिरवणुकांत फेटा बांधून चाकामागे बसतात ते मालक. मिस्त्री पाने घेऊन मागच्या गाडीत असतो. १९५८ च्या ‘चलती का नाम गाडी’ या चित्रपटात तीन भाऊ गॅरेज चालवतात आणि तेच नायक असतात. पडद्यावर आपल्याला ते चालले, गाणीही पाठ झाली. घरी मात्र मुलगा गॅरेजात काम शिकतो असे सांगायला बापाला संकोच वाटतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नव्या मोटारींत संगणक बसवलेले आहेत, विजेच्या मोटारी आल्या आहेत. कार्ब्युरेटर जुळवणारा कान आता ठेवून करायचे काय? काळ कोणासाठी थांबत नाही, हे मलाही मान्य आहे. प्रत्येक जुनी विद्या जगवता येणार नाही. पण जी विद्या जगवता येत नाही ती निदान लिहून ठेवता येते. मोडी लिपीत आज कोणी पत्रव्यवहार करीत नाही, म्हणून आपण मोडी वाचणारे तज्ज्ञ घडवायचे थांबवले नाही. झाडीपट्टीतल्या दंडारीचा अभ्यास होतो, जात्यावरच्या ओव्या गोळा होतात. मग ज्या माणसाने कधी इंग्रजी पुस्तक न वाचता इंग्रजी यंत्राचा स्वभाव ओळखला, त्याचे बोलणे टिपून घेण्याजोगे का नसावे?

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, अशी जुनी मोटार ज्यांच्याकडे असेल त्यांनी दुरुस्तीची एक वही ठेवावी : केव्हा काय बदलले, कोणी बदलले, कशाचे बनवले. आणि विकताना ती वही चावीबरोबर द्यावी. दुसरी, नोंदणीच्या अर्जाला आज विम्याचा कागद, शुल्क, आयातीचा किंवा आधीच्या नोंदणीचा कागद जोडावा लागतो. त्यात या वहीलाही जागा मिळावी, आणि भारतात झालेली चोख दुरुस्ती ही गाडीच्या इतिहासाचा भाग मानली जावी. तिसरी सूचना आपल्यासाठी आहे. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी इथे महामार्गाच्या आणि बसस्थानकांच्या आजूबाजूला पन्नास-पन्नास वर्षे हात काळे केलेले मिस्त्री आहेत. त्यांतल्या कित्येकांनी हेरल्ड, फियाट, अ‍ॅम्बॅसिडर, जुन्या लेलँड मालमोटारी उघडून पुन्हा जोडल्या आहेत. आपल्या इतिहास आणि समाजशास्त्र विभागांनी एका वर्षाचा प्रकल्प म्हणून त्यांच्या मुलाखती घ्याव्यात. ते कोणाकडे शिकले, मजुरी काय होती, कोणता भाग कशापासून बनवला, हत्यारांना ते कोणती नावे देतात, सारे मराठीत लिहून काढावे. खर्च नाही, एक वही, एक पेन आणि ऐकण्याची तयारी पुरे. पुढच्या वार्षिकांकात त्यातली चार पाने छापता आली तर या अंकाचे सोने होईल.

‘जुने ते सोने’ असे आपण म्हणतो. पण सोने म्हणजे नुसता धातू. दागिना होतो तो सोनाराच्या हाताने. यापुढे कधी ‘विकणे आहे’ या दोन शब्दांखाली एखादी देखणी इंग्रजी मोटार दिसली, तर मित्रहो, किंमत जरूर विचारा, सालही विचारा. पण त्याच्याही आधी विचारा की हिचे काम कोण करीत होते. आणि उत्तरादाखल नुसते ‘उस्ताद’ एवढेच आले, तर तेवढ्यावर न थांबता पूर्ण नाव विचारा.